वैर आवरणारी लस

फुटलेल्या बोंडातून कापूस काढायला अंगठा आणि दोन बोटे लागतात. बोंडाच्या वाळलेल्या कवचाची टोके सुईसारखी असतात. ती चुकवून सगळ्या कप्प्यांतला कापूस एका ओढीत बाहेर यावा लागतो आणि मूठ भरली की तो कमरेच्या ओटीत जावा लागतो. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीच्या शिवारात दिवाळीच्या आगेमागे हे काम दिवसभर चालते आणि मजुरी किलोवर मिळते. ज्या बाईची बोटे सकाळी तास-दीड तास वळतच नाहीत, मनगटे सुजून ऊन लागतात, तिच्या हातून दिवसाकाठी किती किलो निघणार? ती म्हणते, वात आला. दुखणे हटेना म्हणून तिला सेवाग्रामच्या रुग्णालयात नेले तर कागदावर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असे नाव येते. बाहेरून कोणी चालून आलेले नसते. तिच्याच पांढऱ्या पेशी तिच्या सांध्यांचे आतले अस्तर पेटते ठेवत असतात.

या रोगांचे कुटुंब मोठे आहे. टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारल्या जातात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण सोलले जाते. ल्युपसमध्ये त्वचा, सांधे, मूत्रपिंड यांपैकी कशावरही घाव पडतो. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते की शरीराला स्वतःवर विष ओतण्याचे भय असते आणि ते स्वतःला त्यापासून राखते. पुढच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की असे रोग असूच शकत नाहीत, आणि कित्येक दशके वैद्यकाने इकडे पाहायचे टाळले. एर्लिखच्या म्हणण्याचा गाभा मात्र खरा होता. शरीराजवळ स्वतःला राखण्याची काहीतरी व्यवस्था असलीच पाहिजे.

हिंगणीजवळच्या बोरच्या जंगलाला शेत लागून असलेला माणूस रानडुकरांच्या धास्तीने रात्री जागलीला जातो. त्याच्या हातातली काठी जितकी मोलाची तितकीच त्याची नजर. अंधारात हललेल्या प्रत्येक सावलीवर त्याने काठी चालवली तर दावे तोडून आलेला स्वतःचाच बैल जायबंदी व्हायचा. रोगप्रतिकारशक्तीविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा काठीविषयीच बोलतो. ती वाढावी म्हणून काढे पितो, गोळ्या घेतो. नजरेचा विचार फारसा कोणी करत नाही.

ही नजर घडते कशी, हे आता बरेच उलगडले आहे. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे तयार होतात आणि शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना घट्ट धरणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात. काही मात्र निसटतात. निरोगी माणसाच्या रक्तातही अशा पेशी फिरत असतात. त्यांना आवरायला दुसऱ्या पेशी असतात, हे १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी दाखवले. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ हे जनुक शोधले. हे जनुक बिघडले तर तान्ह्या मुलांनाच मधुमेह, आतड्यांचा दाह, त्वचारोग एकदम घेरतात. फॉक्सपी३ हेच या नियामक टी पेशींचे सूत्रधार आहे, हे पुढे स्पष्ट झाले. तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सगळ्या कामाचे सार मला असे दिसते: निरोगी देहातही वैर असते, पण ते क्षणोक्षणी आवरले जात असते.

वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट वेगळ्या वाटेने फार पूर्वीपासून माहीत आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना जागा देऊन गांधीजींनी त्यांच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश केली. कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सगळ्यांत आधी सुरू झाले त्यांत वर्धा होता. कुष्ठरोग हा जंतूंचा रोग आहे, स्वयंप्रतिकाराचा नव्हे. तरी त्याचे रूप ठरवते ती रुग्णाची प्रतिकारशक्ती. ज्याच्या पेशी जंतूंकडे दुर्लक्ष करतात त्याच्या अंगात ते अब्जावधींनी माजतात. ज्याच्या पेशी त्वेषाने तुटून पडतात त्याच्या अंगात जंतू शोधूनही सापडत नाहीत, पण त्या हल्ल्यात चेतातंतू जळतात, हात बधिर होतो, बोटे वाकतात. उपचार सुरू झाल्यावर, जंतू मरत असतानाच, कधी कधी अचानक ‘रिॲक्शन’ उसळते. चट्टे लाल होऊन फुगतात, नसा ठणकतात, आणि तेव्हा स्टेरॉइड देऊन शरीराचाच आवेश उतरवावा लागतो. जंतू मारणे हे अर्धे काम आणि आवेश आवरणे हे उरलेले अर्धे, हे इथल्या कुष्ठसेवकांनी रुग्णाच्या उशाशी बसून शिकून घेतले.

दुसरा धडा हत्तीरोगाचा. आरोग्य कर्मचारी रात्री गावात येऊन बोटातून रक्ताचा थेंब का घेतात, हे या भागातल्या पोरांनाही ठाऊक असते. या रोगाच्या फायलेरिया कृमीची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात. सेवाग्रामच्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृमीच्या प्रतिजनांवर अनेक वर्षे काम केले. हा कृमी माणसाच्या अंगात वर्षानुवर्षे राहतो, कारण तो यजमानाच्या प्रतिकारशक्तीला मवाळ करून ठेवतो. याची दुसरी बाजू चकित करणारी आहे. चेन्नईच्या संशोधकांनी २०१० मध्ये नोंदवले की टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांमध्ये त्यांना फायलेरियाचा संसर्ग आढळला नाही. ओडिशातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांविषयी तेच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा निरीक्षणांतून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण उंदरांतल्या एका फायलेरिया कृमीपासून मिळालेले ईएस-६२ नावाचे प्रथिन उंदरांमधला सांधेदाह उतरवते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे प्रतिकारशक्तीला आवरता येते. कृमी हे स्वतःच्या सोयीसाठी करतो आणि त्याची किंमत माणूस सुजलेल्या पायाने मोजतो. हत्तीरोग हटवलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. मात्र तो आवर घालण्याची विद्या आपण किंमत न मोजता मिळवू शकतो का, हा प्रश्न मागे उरतो.

आज आपल्याजवळ असलेली औषधे आवर घालतात, पण सरसकट. स्टेरॉइड सगळ्याच पेशींना दाबते. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही गोळी आमवाताच्या लाखो रुग्णांना हातपाय परत देणारी आहे आणि तिचे ऋण मान्यच केले पाहिजे, पण तिच्यासाठी रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. टीएनएफ या रेणूला रोखणारी इंजेक्शनेही प्रभावी आहेत. मात्र टीएनएफ हाच रेणू फुफ्फुसात दबलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीची तटबंदी टिकवून धरतो. तो काढून घेतला की झोपलेला क्षय जागा होतो, हे २००१ मध्येच अमेरिकेत नोंदले गेले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि आजारी न पडता जंतू बाळगणारे त्याहून कितीतरी जास्त. ज्या देशात क्षय दुर्मीळ आहे तिथे सरसकट दडपणे हा सोसता येण्याजोगा धोका असेल. आपल्याकडे रुग्णाला सांध्यांचे सुख आणि फुफ्फुसाची सुरक्षा यांच्यात निवड करायला लावणे हा अन्याय आहे. ज्या एका प्रथिनावरून तंटा आहे तेवढ्याच तंट्यापुरती प्रतिकारशक्ती शांत करायची आणि बाकीची सगळी शाबूत ठेवायची, असा उपाय हवा.

डीएनए लस हा त्या दिशेचा एक गंभीर प्रयत्न आहे. तिचा जन्म वेगळ्याच कामासाठी झाला. विस्कॉन्सिनमध्ये जॉन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला, आणि त्या स्नायूच्या पेशींनी तो वाचून त्यातले प्रथिन बनवून दाखवले. १९९३ मध्ये अशाच डीएनएने उंदरांना इन्फ्लूएंझापासून वाचवले. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईतले क्षयरोग संशोधन केंद्र यांनी पुढे एचआयव्हीवरच्या एका डीएनए लसीची निरोगी स्वयंसेवकांवर प्राथमिक चाचणी केली. आणि २० ऑगस्ट २०२१ रोजी अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या झायकोव्ह-डी या कोविड लसीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. माणसांसाठी मान्यता मिळालेली ही जगातली पहिली डीएनए लस. तिच्या तीन मात्रा सुईविना, दाबाच्या झोताने त्वचेत दिल्या जात. पहिल्या टप्प्यात ती ज्या सात राज्यांसाठी ठरली त्यांत महाराष्ट्र होता.

या लसीत प्लाझ्मिड असते, म्हणजे जिवाणूंमध्ये वाढवलेले डीएनएचे छोटे कडे. त्यावर एका प्रथिनाची कृती लिहिलेली असते. संसर्गाविरुद्धच्या लसीत ते प्रथिन विषाणूचे असते आणि कड्यावरचे काही विशिष्ट अक्षरक्रम शरीराला धोक्याची सूचना देतात. टी पेशी चिडायला दोन खुणा लागतात. एक प्रथिनाची, दुसरी धोक्याची. दोन्ही मिळाल्या की फौज उठते. पहिली मिळाली आणि दुसरी मिळालीच नाही, तर ती पेशी निपचित पडते, मरते किंवा नियामक होते. स्वयंप्रतिकाराच्या रोगांवर काम करणाऱ्यांनी नेमके हेच हेरले. कड्यावर शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनाची कृती लिहायची, धोका सुचवणारे अक्षरक्रम काढून तिथे शांतवणारे घालायचे, आणि स्नायूच्या पेशींना ते प्रथिन कसलाही गाजावाजा न करता दाखवू द्यायचे. जे साधन लढायला शिकवण्यासाठी घडवले, तेच थांबायला शिकवण्यासाठी वळवायचे. माणसाच्या बुद्धीने केलेल्या वळणांपैकी हे एक अतिशय सुंदर वळण आहे असे मला वाटते.

स्टॅनफर्डचे लॉरेन्स स्टाइनमन या कामाच्या अग्रभागी होते. उंदरांमधल्या मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या रोगाला डीएनए लसीने आवर घालता येतो, हे १९९६ मध्येच दिसले होते. मग मायलिनमधल्या एका प्रथिनाची कृती असलेली बीएचटी-३००९ ही लस माणसांपर्यंत आली. तिच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण २८९ होते. काहींना अर्धा मिलिग्रॅम, काहींना दीड मिलिग्रॅम, काहींना लसीविना नुसता द्रव. अर्धा मिलिग्रॅम मिळालेल्यांच्या मेंदूत नवे व्रण कमी उमटण्याकडे कल दिसला आणि त्यांची मायलिनविरोधी प्रतिपिंडे घटली. दीड मिलिग्रॅमने काहीच साधले नाही. तिप्पट औषध, आणि परिणाम शून्य.

दुसरी चाचणी टाइप १ मधुमेहाची. नेदरलँड्समधल्या लायडनच्या बार्ट रोप आणि सहकाऱ्यांनी ती २०१३ मध्ये मांडली. लसीत प्रोइन्शुलिनची कृती होती. ८० प्रौढ रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे दर आठवड्याला वेगवेगळ्या मात्रा दिल्या, काहींना नुसता द्रव. शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवते हे सी-पेप्टाइडवरून कळते. लस मिळालेल्यांमध्ये ते टिकले, एक मिलिग्रॅमच्या गटात सर्वांत चांगले, आणि नुसता द्रव मिळालेल्यांमध्ये घसरले. प्रोइन्शुलिनवर धावणाऱ्या मारक टी पेशी कमी झाल्या. इतर गोष्टींवरचा प्रतिसाद मात्र होता तसाच राहिला. ज्याची आपण वाट पाहत होतो तो निवडक आवर इथे माणसाच्या रक्तात मोजून दिसला. आणि इंजेक्शने थांबल्यावर काही काळाने परिणाम ओसरला.

या दोन चाचण्यांमधल्या यशाइतकेच त्यांच्या मर्यादांपाशी मी थबकतो. एक मर्यादा सांगते की जास्त औषध म्हणजे जास्त गुण नव्हे, शांत करायला हलका हात लागतो. दुसरी सांगते की एकदा शिकवून भागत नाही. देवीची लस दंडावर एक व्रण ठेवून बरीच वर्षे राखण करत असे, म्हणून लस म्हटले की एकदाच घेऊन सुटलो असे आपल्या मनात येते. वैर आवरणे त्या जातीचे काम नाही. थायमस आणि नियामक पेशी जे रोज करतात त्याला बाहेरून दिलेली जोड असेल, तर तीही पुन्हा पुन्हा द्यावी लागेल.

अडचणी आणखी आहेत. तंटा नेमक्या कोणत्या प्रथिनावरून आहे हे मधुमेहात बरेच ठाऊक आहे, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये कमी, आमवातात आणखी धूसर. रोग जुना झाला की एका प्रथिनावरचे वैर शेजारच्या प्रथिनांवर पसरते. चुकीच्या रीतीने दाखवलेले प्रथिन शांत करण्याऐवजी भडकवूही शकते. डीएनए नव्हे, पण मायलिनच्या प्रथिनाचा बदललेला तुकडा देऊन पाहिलेल्या २००० मधल्या एका चाचणीत काही रुग्णांचा रोग उलट बळावला होता. म्हणूनच स्वयंप्रतिकाराच्या एकाही रोगावर डीएनए लस अजून वापरात आलेली नाही. २०२१ मध्ये बायोएनटेकच्या संशोधकांनी एमआरएनए वापरून उंदरांमध्ये हेच साधून दाखवले, त्यामुळे वाट बंद झालेली नाही, रुंद झाली आहे. पण जो आज आजारी आहे त्याने आजचे औषध सोडू नये, हे इथे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे.

वर्ध्यासंबंधाने लसीवर लिहिताना गांधीजींना वगळता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत असताना १९१३ मध्ये आरोग्यावर लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी देवीच्या लसीला कडाडून विरोध केला. वासराच्या अंगावर वाढवलेली ती लस त्यांना किळसवाणी आणि अधर्म्य वाटे. या प्रश्नावर ते चुकले होते. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला तो लसीमुळेच. पण आरोग्याचा पाया संयमात आहे हा त्यांचा आग्रह मला सोडवत नाही. मनाचा संयम आणि पेशीचा संयम एक नव्हेत. पेशीला विवेक नसतो, आणि पेशींच्या वागण्यातून माणसांसाठी नीती काढणे धोक्याचे आहे. कोणी आजारी पडले तर ते त्याच्या मनाच्या असंयमाचे फळ आहे असे म्हणणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांनी रुग्णांना फार छळले आहे. एवढी सावधगिरी ठेवूनही एक साम्य खरे उरते. दोन्हीकडे संयम म्हणजे दुबळेपण नव्हे. मधुमेहाच्या चाचणीतली, प्रोइन्शुलिनवरचा राग विसरलेली ती माणसे जंतूंशी लढायला तितकीच समर्थ होती.

महाराष्ट्राकडे या कामाचे धागे आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की इंटरल्युकिन-३ हा रेणू उंदरांमधला सांधेदाह कमी करतो आणि नियामक टी पेशींना वाढू देतो. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादचे पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये भारतीयांमधल्या टाइप १ मधुमेहाची जनुकीय जोखीम तपासली. युरोपात घडवलेले मोजमाप इथेही उपयोगी पडते, पण जनुकांच्या तपशिलात फरक आहेत, हे त्यातून कळले. कोणाला कोणते प्रथिन दाखवायचे हे अशाच तपशिलांवर ठरणार, तेव्हा हे काम इथल्याच रुग्णांबरोबर करावे लागेल. प्लाझ्मिड जिवाणूंच्या टाक्यांमध्ये वाढते. झायकोव्ह-डी दोन ते आठ अंश तापमानात साठवता येत होती आणि पंचवीस अंशांतही काही महिने टिकत होती. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजला ते झेपते. आणि वर्ध्याजवळ १९६९ पासून गावांशी बांधलेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुष्ठरुग्णाच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाण्याची शिकवण आहे. पुन्हा पुन्हा द्यावी लागणाऱ्या उपचाराला असा पाठपुरावाच लागतो.

आवर कोणावर घालायचा, किती हलक्या हाताने आणि किती काळ, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळतील तेव्हा ही लस खरी होईल. ती शोधण्याचे काम श्रीमंत देशांवर सोपवून वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही, कारण त्यांची निकड आपल्याइतकी नाही. जिथे क्षयाचा जंतू बाळगणारी माणसे घरोघर आहेत, तिथे सगळी प्रतिकारशक्ती दडपणारे औषध नेहमीच महाग पडणार. एकच तंटा मिटवून बाकीचे बळ अंगात राखणाऱ्या लसीची गरज स्टॅनफर्डपेक्षा हिंगणीला अधिक आहे.